गोधडीच्या अस्तराचा जोड कसा घ्यावा

दिवाळी सरली की नाशिकमध्ये पहाटेची हवा बोचू लागते, आणि निफाडच्या बाजूला तर काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. त्या दिवसांत ट्रंकेतल्या गोधड्या बाहेर निघतात, गच्चीवर उन्हात पडतात, आणि कोणती उसवली, कोणती विरली हे तेव्हाच ध्यानात येते. माझ्या पाहण्यात ज्या गोधड्या वेळेआधी निकामी झाल्या, त्यांपैकी बहुतेकींचा वरचा रंगीत भाग शाबूत होता. फाटले होते ते खालचे कापड, म्हणजे अस्तर, आणि तेही नेमके जोडावर. नव्याने गोधडी शिवायला घेणारे लोक वरच्या तुकड्यांच्या रंगसंगतीवर आठवडे घालवतात आणि अस्तराचा विचार अगदी शेवटी, हाताला लागेल त्या कापडावर भागवतात. अंगाला लागते ते अस्तरच, ओढाताण सोसते तेही अस्तरच, म्हणून त्याचे कापड, माप आणि जोड या तिन्ही गोष्टी वरच्या भागाच्या आधी ठरवाव्यात, असे माझे मत आहे.

हा लेख एकेरी आणि दुहेरी अशा दोन मापांच्या गोधड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. एकेरी गोधडी तयार झाल्यावर ६० × ९० इंच आणि दुहेरी ९० × १०० इंच भरावी, असे धरले आहे. आपले माप वेगळे असेल तर आकडे बदलतील, पण हिशोबाची रीत तीच राहील.

कापड निवडताना

अस्तर सुती असावे. कृत्रिम धाग्याच्या साडीचे अस्तर दिसायला चकचकीत दिसते, परंतु ते घाम शोषत नाही आणि रात्रभर अंगावरून घसरत राहते. मांजरपाट, जुनी सुती साडी, नऊवारी लुगडे, सुती धोतर ही सगळी कापडे चांगली. पलंगपोसाचे मोठ्या पन्ह्याचे (म्हणजे रुंदीचे) कापड घेतले तर जोडच द्यावा लागत नाही, हे खरे आहे. मात्र त्यातले पुष्कळसे कापड इतके घट्ट विणीचे असते की हाताने धावदोरा (एका ओळीत पुढे जाणारे साधे टाके) घालताना सुई पुढे सरकत नाही आणि दोन ओळींतच बोटे दुखू लागतात. दुकानात उभे असतानाच कापडाची चार पदरी घडी करून तिच्यातून एक सुई पार करून पाहावी. सुई सहज गेली तर कापड घ्यावे, अडली तर हाताने शिवायच्या गोधडीसाठी ते घेऊ नये.

नाशिकमध्ये मेन रोड, शालिमार आणि कापड पेठेच्या परिसरातील दुकानांत मांजरपाट आणि साधे छापील सुती कापड मीटरवर मिळते. आपल्याच जिल्ह्यातले मालेगाव यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. कोऱ्या कापडात मात्र खळ असते, त्यामुळे ते हाताला असते त्यापेक्षा जाड वाटते. धुतल्यावर खळ निघून जाते आणि खरी वीण दिसते. म्हणून कोरे कापड घेताना त्याचा एक कोपरा दोन्ही हातांनी चोळून खळ झाडावी आणि मगच ते उजेडाकडे धरून पाहावे.

जुनी साडी वापरायची असेल तर ती आधी पूर्ण उलगडून खिडकीशी धरावी. निऱ्यांचा भाग, बसताना खाली येणारा भाग आणि काष्ट्याचा भाग हे सर्वांत आधी विरतात, आणि उजेडात तिथले धागे विरळ झालेले स्पष्ट दिसतात. संशय वाटल्यास दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड आडवे आणि उभे ओढावे. कुरकुर असा आवाज येऊन धागे तुटले तर ते कापड अस्तराला घेऊ नये. टाकून देण्याचीही गरज नाही. गोधडीच्या पोटात भराव म्हणून ते उत्तम चालते, आणि जुन्या बायका तेच करत आल्या आहेत. धड कापड बाहेर आणि विरलेले आत, ही विभागणी त्यांनी फार पूर्वी करून ठेवली आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळदा सुटते. भरावात गडद रंगांच्या साड्या असतील आणि अस्तर पांढरे, पातळ असेल, तर आतले डाग अस्तरातून दिसतात. अशा वेळी अस्तर मध्यम रंगाचे किंवा बारीक छापाचे घ्यावे. बारीक छापाचा दुसरा फायदा असा की नवख्या हाताचे लहानमोठे टाके त्यात खुपत नाहीत.

धुणे आणि काठ काढणे

कोरे कापड आणि जुनी साडी, दोन्ही आधी कोमट पाण्यात धुऊन घ्यावीत. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटते, आणि जुने कापड आधीच आटून गेलेले असते. न धुता दोन्ही एकमेकांना जोडली तर गोधडीच्या पहिल्या धुण्यानंतर जोडावर चुण्या पडतात आणि त्या कोणत्याही इस्त्रीने जात नाहीत. लाल, गर्द निळ्या आणि काळ्या कापडाचा ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर घासून रंग पाहावा. माझ्या पहिल्या गोधडीला मी लाल अस्तर न धुता लावले होते आणि पहिल्याच धुण्यात वरचे सगळे पांढरे तुकडे गुलाबी झाले. ती गोधडी अजून घरात आहे आणि तिच्याकडे पाहिले की धुण्याचे हे काम मी कधीच टाळत नाही.

धुतलेले कापड पूर्ण वाळण्याआधी, किंचित दमट असताना, इस्त्री करावे. त्यानंतर दोन्ही बाजूंची किनार कापून काढावी. विणताना कडेचे धागे दाट बसवलेले असतात, त्यामुळे किनार उरलेल्या कापडासारखी आटत नाही आणि ती शिवणीत राहिली तर जोड आवळल्यासारखा होतो. साडीच्या काठांनाही हाच नियम लागू आहे. जरीचा काठ अंगाला टोचतो, जाड सुती काठ सुईला अडवतो; तो अखंड काढून ठेवावा आणि गोधडीची कड बांधताना किंवा वरच्या बाजूला पट्टी म्हणून वापरावा. आजीच्या लुगड्याचा काठ गोधडीत दिसलाच पाहिजे असे वाटत असेल, तर त्याची जागा वरच्या अंगाला आहे, पाठीला नाही.

हिशोब

कात्री हातात घेण्याआधी कागदावर हिशोब करावा. या कामात सर्वांत जास्त कापड वाया जाते ते इथेच, घाईमुळे.

अस्तर गोधडीच्या वरच्या भागापेक्षा चारही बाजूंनी ४ इंच मोठे असावे. हे जास्तीचे कापड तीन कामांसाठी लागते. धावदोऱ्याच्या ओळी दाट घातल्या की कापड आखडते आणि दोन-तीन इंच सहज कमी होतात. शिवताना कापडांचे थर थोडे सरकतात. आणि शेवटी अस्तर पुढे दुमडून त्याचीच कड करायची असेल तर तिच्यासाठीही एक-दीड इंच हवे असते. म्हणजे एकेरी गोधडीला ६८ × ९८ इंच आणि दुहेरीला ९८ × १०८ इंच अस्तर लागेल.

कापडाचा पन्हा ४४ इंच असेल तर धुऊन, किनार काढून हाती सुमारे ४१ इंच उरतात, असे धरून चालावे. साडीचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास असतो आणि दोन्ही काठ काढले की तीही साधारण तितकीच उरते. प्रत्येक जोडाला दोन्ही कापडांची अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीच्या आत राहणारी कड) जाते, म्हणजे एका जोडामागे एक इंच कमी होतो.

आता एकेरी गोधडी पाहू. जोड उभे, म्हणजे लांबीच्या दिशेने घेतले, तर ९८ इंचांचे दोन तुकडे पुरतात, कारण दोन पन्ह्यांचे मिळून ८१ इंच होतात आणि आपल्याला ६८ हवे आहेत. दोन तुकड्यांचे एकूण कापड १९६ इंच, म्हणजे जवळजवळ ५ मीटर. जोड आडवे घेतले तर ६८ इंचांचे तीन तुकडे लागतात, म्हणजे २०४ इंच. इथे उभा जोड परवडतो. कोरे कापड आटणार आणि दुकानातला काप थोडा तिरका असणार, हे धरून साडेपाच मीटर विकत घ्यावे. साडेपाच मीटरची सहावारी साडी २१६ इंच भरते. तिच्यातून १९६ इंच गेले की सुमारे २० इंच उरतात, म्हणजे भरजरी पदराचे टोक कापून टाकले तरी एका सुती साडीत एकेरी गोधडीचे अस्तर निघते. साडी ५ मीटरचीच असेल तर मात्र पदरासकट वापरावी लागते, म्हणून आधी टेपने मोजावी.

दुहेरी गोधडीत गणित उलटते. उभे जोड घेतले तर १०८ इंचांचे तीन तुकडे, म्हणजे ३२४ इंच लागतात. नऊ वार म्हणजे बरोबर ३२४ इंच. लुगडे पूर्ण नऊ वार असले तरी त्यात एक बोटाचीही सवलत राहत नाही. तेच जोड आडवे घेतले तर ९८ इंचांचे तीन तुकडे पुरतात, २९४ इंचांत काम होते आणि ३० इंच शिल्लक राहतात. विरलेला किंवा डाग पडलेला भाग वगळायला ही शिल्लक फार उपयोगी पडते. केवळ जोडाची दिशा बदलल्याने लुगडे पुरते किंवा अपुरे पडते, हे एकदा स्वतः मोजून पाहिले की पुढे कधी विसरत नाही.

जोड कुठे यावा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दोन तुकडे घेऊन मध्यभागी एक जोड द्यावा, हे सुचायला सर्वांत सोपे असते, आणि तोच जोड सर्वांत आधी फाटतो. गोधडीची घडी नेहमी मधोमध पडते. वर्षानुवर्षे त्याच रेषेवर घडी, त्याच रेषेवर शिवण, आणि धुऊन दोरीवर टाकतानाही तीच रेषा दोरीवर. ओल्या गोधडीचे सगळे वजन तिथेच लोंबते. माझी एक गोधडी तीन हिवाळ्यांतच नेमकी त्या रेषेवर उसवली, दोरा तुटला म्हणून नव्हे, तर शिवणीशेजारचे कापडच चिरले म्हणून.

यावर उपाय असा की दोन तुकड्यांपैकी एक अखंड ठेवून मधोमध घ्यावा आणि दुसरा लांबीत चिरून त्याचे दोन भाग दोन्ही बाजूंना जोडावेत. एकेरी गोधडीत मधला तुकडा ४१ इंचांचा, मायेनंतर ४० इंचांचा राहील. ६८ मधून ४० वजा केले की २८ उरतात, म्हणून प्रत्येक बाजूला १४ इंच आणि अर्धा इंच माया, असे साडेचौदा इंचांचे दोन पट्टे कापावेत. दुसऱ्या तुकड्यातून २९ इंच गेले तरी सुमारे १२ इंच रुंदीचा लांब पट्टा उरतो आणि तो कड बांधायला पुरतो. गोधडी तयार झाल्यावर तिच्या ६० इंच रुंदीत हे जोड साधारण १० आणि ५० इंचांवर येतात, तर घड्या ३० इंचांवर आणि पुन्हा दुमडल्यास १५ व ४५ इंचांवर पडतात. एकही जोड घडीवर येत नाही.

दुहेरी गोधडीत आडव्या जोडांसाठीही मधला तुकडा अखंड ठेवावा आणि वरचा व खालचा तुकडा साडेचौतीस इंचांचा कापावा. मध्ये ४० आणि दोन्हीकडे ३४, मिळून १०८ इंच होतात. वरचा आणि खालचा तुकडा कमी-जास्त कापला तर एक जोड घडीकडे सरकतो, म्हणून दोन्ही सारखे ठेवावेत.

वरच्या भागातही लांब सरळ जोड असतील, तर ते आणि अस्तराचे जोड एकावर एक येणार नाहीत, हे जमिनीवर दोन्ही कापडे पसरून पाहावे. शिवणीवर शिवण आली की तिथे जाड कणा तयार होतो आणि सुई वाकते.

कापणे आणि शिवणे

सुती कापड कात्रीने सरळ कापण्यापेक्षा फाडावे, कारण ते धाग्याच्या रेषेतच फाटते. कडेला कात्रीने इंचभर चीर द्यावी आणि दोन्ही हातांनी एका दमात फाडावे. जुने विरळ कापड फाडू नये. त्यातला एक आडवा धागा सुईने उचलून हळूहळू ओढावा आणि त्यामुळे पडणाऱ्या बारीक रेषेवर कात्री चालवावी. तिरके, म्हणजे उरेब कापलेले तुकडे अस्तरात शक्यतो घेऊ नयेत. उरेब कड ताणली जाते आणि गोधडीचा एक कोपरा कायमचा लोंबतो.

छाप एकाच दिशेचा असेल, जसे की झाडे किंवा उभ्या वेली, तर शिवण्याआधी तिन्ही तुकडे जमिनीवर मांडून सगळ्यांचे शेंडे एकीकडे आहेत ना, हे पाहावे. चौकड्याचे कापड असेल तर रेघांवर रेघा बसवाव्यात. त्याला वेळ लागतो, पण त्या रेघाच शिवण सरळ ठेवतात.

९८ इंचांची शिवण लांब असते आणि मशिनखाली वरचे कापड पुढे सरकत जाते. त्यासाठी दोन्ही तुकड्यांच्या कडांवर मध्याची आणि पाव-पाव लांबीची खूण खडूने करावी, सुलट बाजू एकमेकींवर ठेवून आधी दोन्ही टोके, मग मध्य, मग पाव खुणा अशा क्रमाने टाचण्या लावाव्यात आणि मधली जागा नंतर भरावी. एक कड किंचित लांब भरली तर तो तुकडा खालच्या बाजूला ठेवावा. मशिनचे दाते खालचे कापड जरा गोळा करत नेतात, त्यामुळे फरक आपोआप सामावतो. सुती दोरा, १४ नंबरची सुई आणि सुमारे अडीच मिलिमीटरचा टाका यांनी काम नीट होते. साडी फारच तलम असेल तर ११ नंबरची सुई घ्यावी. दोन्ही टोकांना टीप मागे-पुढे मारून पक्की करावी. मशिन नसल्यास हाताने उलट टीप, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन पुढे जाणारी टीप, घालावी. साधा धावदोरा या जोडाला पुरत नाही, कारण एक टाका तुटला की पूर्ण ओळ सैल होते.

शिवून झाल्यावर माया दोन्ही बाजूंना उघडून इस्त्री करावी. एकाच बाजूला दुमडली तर शिवण थोडी अधिक मजबूत राहते, हे मान्य आहे; पण मग हाताने धावदोरा घालताना सुईला भराव आणि वरच्या कापडाशिवाय अस्तराचे तीन पदर ओलांडावे लागतात. हाताने शिवणाऱ्याने माया उघडीच ठेवावी, मशिनने शिवणाऱ्याने हवी तशी.

कुठे लहान भोक असेल तर ठिगळ आताच, आतल्या बाजूने, त्याच धाग्याच्या दिशेत लावावे. नंतर, गोधडी भरल्यावर, ते फक्त बाहेरून लावता येते.

जमिनीवर पसरणे

जोडलेल्या अस्तराचे कोपरे काटकोनात आहेत की नाहीत, हे कर्णांवरून कळते. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत आणि मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांमध्ये टेप धरावा. ६८ × ९८ इंचांच्या अस्तराचा प्रत्येक कर्ण सुमारे ११९ इंच भरायला हवा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही सारखे भरायला हवेत. एक इंचापर्यंतचा फरक कडेच्या वाढीव कापडात जिरतो. त्याहून जास्त असेल तर जोड उसवून पुन्हा शिवण्यात शहाणपण आहे.

हे काम आमच्याकडे उन्हाळ्यात, कुरडया-पापड आटोपल्यावर करतात. कापडे कडकडीत वाळलेली असतात आणि पावसाळ्यातला दमटपणा गोधडीच्या पोटात अडकत नाही. घरातली सर्वांत मोठी खोली रिकामी करावी, फरशी पुसून पूर्ण सुकू द्यावी आणि अस्तर सुलट बाजू खाली ठेवून पसरावे. आधी एका बाजूचा मध्य चिकटपट्टीने फरशीला लावावा, मग समोरच्या बाजूचा, मग उरलेल्या दोन बाजूंचे, आणि शेवटी कोपरे. चिकटपट्टी नसेल तर कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, डबे असे काहीही वजन चालते. कापड सपाट आणि सरळ असावे, ताणलेले नसावे. ताणून लावलेले अस्तर वजन काढताच आत आखडते आणि वरच्या भागावर फुगे येतात.

त्यावर भराव, त्यावर वरचा भाग मधोमध येईल असा मांडावा आणि चारही बाजूंनी अस्तर सारखे दिसते आहे ना, हे मोजावे. मग लांब कच्चे टाके मध्यापासून कडेकडे, आधी अधिकाच्या खुणेसारखे आणि नंतर वीतभर अंतरावर ओळीने घालावेत. बऱ्याच घरांत धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनात आत नेण्याची पद्धत आहे, आणि ती सुंदर दिसते. परंतु त्या पद्धतीत अस्तराचा सैलपणा ढकलला जाऊन मध्यभागी साठतो. कच्चे टाके दाट असतील तरच ती निभते. पहिल्या गोधडीला मध्यापासून बाहेर जावे. दर चार-पाच ओळींनंतर गोधडी उलटी करून अस्तरावर तळहात फिरवावा; चुणी हाताला लागली तर तेवढ्याच ओळी उसवाव्या लागतात, पुढे गेल्यावर सगळ्या.

धावदोरा पूर्ण झाला की कच्चे टाके काढावेत आणि बाहेर राहिलेले अस्तर चारही बाजूंनी सव्वा इंच ठेवून बाकीचे कापावे. ही पट्टी आधी निम्मी आत दुमडावी, मग वरच्या भागाच्या कडेवर घेऊन हेम टाक्याने बसवावी. कोपऱ्यात कापड जाड होते, म्हणून तिथली टोके आधी तिरकी कापावीत आणि मगच दुमडावे.